लादेजिन्स्की, जपान आणि आमच्या आजोबांचा सातबारा

हा मेसेज मला आधी तिघांकडून आला होता, तेव्हा मी गप्प बसले. गेल्या आठवड्यात चुलतभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि राहवेना. तो आज जी जमीन कसतो, ती आमच्या आजोबांना कूळ म्हणून मिळालेली आहे.

मेसेज थोडक्यात असा: वोल्फ लादेजिन्स्की नावाच्या रशियन कम्युनिस्टाला अमेरिकेने हाकलून दिलं. तो भारतात आला, त्याच्या सांगण्यावरून नेहरूंनी कूळकायदा आणला, मालकांच्या जमिनी कुळांना फुकट वाटल्या आणि शेतीचे तुकडे पाडले. जपानने असलं काही केलं नाही, म्हणून जपान पुढे गेला.

आधी जपान घेते, कारण याहून उलटं विधान करताच येणार नाही. लादेजिन्स्कींचं नाव झालं तेच जपानमुळे! अमेरिकेच्या शेती खात्यातले हे अर्थतज्ज्ञ १९४५च्या अखेरीस टोकियोत, युद्धानंतर जपानचा कारभार पाहणारे अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांच्या मुख्यालयात रुजू झाले. जपानी अधिकाऱ्यांचा जमीन सुधारणेचा स्वतःचा आराखडा होताच, पण तो मवाळ होता. १९४६च्या कायद्याने गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची खंडाने दिलेली सगळी जमीन सरकारने विकत घेतली. गावातच राहणाऱ्या मालकाला खंडाने देण्यासाठी जेमतेम एक हेक्टर ठेवता आली, होक्काइदोत चार. गावोगावच्या जमीन समित्यांवर पाच कुळं, तीन मालक आणि दोन स्वतःची जमीन कसणारे शेतकरी बसले. युद्ध संपलं तेव्हा जवळपास ४६ टक्के शेतजमीन कुळं खंडाने कसत होती. १९५० पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं. मालकांना मिळालेले रोखे महागाईने कवडीमोल झाले, इतकं ते कडक होतं. तैवाननेही लादेजिन्स्कींचा सल्ला घेतला. तिथे १९४९ मध्ये खंडावर साडेसदतीस टक्क्यांची मर्यादा आली आणि १९५३ मध्ये कसेल त्याला जमीन.

आता ‘कम्युनिस्ट’. त्यांचा जन्म १८९९चा, युक्रेनमधल्या ज्यू कुटुंबातला. क्रांतीत घरची मालमत्ता गेली आणि १९२१ मध्ये ते देश सोडून पळाले. शेतकऱ्याच्या जमिनीच्या भुकेवर बोल्शेविक सत्तेवर कसे चढले, हे त्यांनी पाहिलं होतं. आशियात तसं होऊ नये म्हणून ते आयुष्यभर सांगत राहिले की वेळेत कुळाला मालक करा. एक गोष्ट मात्र खरी आहे. १९५४च्या डिसेंबरात कृषिमंत्री बेन्सन यांनी त्यांना सुरक्षेला धोका ठरवून खात्यातून काढलं. पण महिनाभरातच त्याच सरकारच्या परदेशी मदत खात्याने त्यांना नोकरी दिली आणि व्हिएतनामला पाठवलं. तिथे त्यांना फारसं यश आलं नाही. तिथल्या १९५६च्या आदेशात मालकाला ठेवता येणाऱ्या जमिनीची कमाल मर्यादाच १०० हेक्टर होती.

कूळकायद्याबद्दलचं खोटं मला सगळ्यात जास्त लागलं. मुंबई राज्याचा कायदा १९४८चा, त्याच्याही आधी १९३९चा. लादेजिन्स्कींनी पंजाब, काश्मीर आणि मद्रासची पाहणी केली ती १९५२ मध्ये. मग सांगितलं कोणी आणि कधी? आणि फुकट? १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कूळ मालक मानलं गेलं, पण कलम ३२ग खाली किंमत ठरून ती भरावी लागली. कायम कूळ नसलेल्यांना ती आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या शेतसाऱ्याच्या, २० पटीपासून २०० पटीपर्यंत होती. आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली, पावत्या अजून ट्रंकेत आहेत. सगळे हप्ते फिटल्यावरच त्यांना जमीन आपली वाटली.

ज्यांची नावं सातबाऱ्यावर लागलीच नाहीत, त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेसाठी १९४८च्या कायद्याची पाहणी केली. अहवाल १९५७ मध्ये छापला गेला. कुळांनी जमिनी ‘स्वखुशीने’ सोडल्याच्या नोंदी त्यांना इतक्या सापडल्या की त्या खऱ्या मानणं कठीण होतं. कोणतं कूळ स्वखुशीने पोटाची जमीन सोडतं? पुढे लादेजिन्स्कींनी नियोजन आयोगासाठी तंजावर, पश्चिम गोदावरी अशा जिल्ह्यांची पाहणी केली, तेव्हा तिथेही हेच दिसलं: करार तोंडी, नोंद नाही, आणि ‘स्वतः कसणार’ एवढं म्हणून मालकाला कूळ काढता येतं. कायदे आहेत पण ते अमलात येत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. सत्तरी ओलांडल्यावरही ते महाराष्ट्रातल्या १९७२च्या दुष्काळावर लिहीत होते.

तुकड्यांचं एका ओळीत सांगते: कूळ जो तुकडा आधीपासून कसत होतं तोच त्याच्या नावावर झाला, त्यानंतरचे तुकडे भावाभावांच्या वाटण्यांनी पडले.

एक मात्र मला मान्य करावं लागतं. सगळे मालक सावकार नव्हते. मुंबईत गिरणीत राबणाऱ्या, गावी दोन-तीन एकर असलेल्या माणसाचीही जमीन कुळाकडे गेली, आणि ते कूळ कधी कधी त्याच्याहून सुखवस्तू होतं. कोकणात ही सल अजून आहे. मेसेज त्यांच्याबद्दल असता तर मी भावाशी भांडले नसते, उलट त्याच्यासोबत बसून वाचला असता.