'डटी रॉक'मध्ये पाणी घातलेलं नाही

जमैकन गायक शॉन पॉल आणि त्याचा अल्बम 'डटी रॉक' यांचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "'डटी रॉक' म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकासाठी पातळ केलेलं डान्सहॉल. त्यात बियॉन्सेनं हात दिला आणि उजळ रंग कामी आला, म्हणून तो चालला." (डान्सहॉल म्हणजे जमैकातलं ठेक्यावरचं नाचाचं संगीत.) हे वाक्य आता फारच फिरलंय, आणि त्यातलं बरंचसं खोटं आहे.

आधी बियॉन्से. अल्बम आला नोव्हेंबर 2002 मध्ये. त्यातलं 'गिमी द लाइट' बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या, पहिल्या दहात गेलं आणि 'गेट बिझी' मे 2003 मध्ये एक नंबरवर पोचलं. बियॉन्सेसोबतचं 'बेबी बॉय' तिथं आलं ऑक्टोबरमध्ये. तोवर शॉन पॉल अमेरिकेत घराघरांत पोचला होता. हा मुद्दा इथंच संपतो.

पातळ केल्याच्या आरोपावर मात्र थांबायला हवं. पातळ केलं म्हणजे नेमकं काय काढून टाकलं? भाषा तर नाहीच. 'डटी' हा शब्दच पॅटवा या जमैकन बोलीतला, अर्थ मळका. 'गेट बिझी'च्या सुरुवातीला तो बायकांची नावं हजेरी घेतल्यासारखी एकामागून एक पुकारतो, आणि पुढची अर्धी वाक्यं न्यूयॉर्कच्या माणसालाही पहिल्या झटक्यात कळणार नाहीत. तरी लोक नाचले.

संगीतही जमैकाच्या राजधानीच्या, किंग्स्टनच्या रीतीचंच. तिथं आधी 'रिदम' तयार होतो, म्हणजे ठेका आणि साज, आणि मग त्याच रिदमवर वेगवेगळे गायक आपापलं गाणं चढवतात. 'गेट बिझी'खालचा रिदम स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनचा, नाव 'दिवाली'. (हो, आपल्या सणाचंच नाव. पण म्हणून चाल भारतातून उचलली असं समजू नका. रिदमना अशी नावं पडतच असतात.) जमैकन गायक वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' त्याच रिदमवर, न्यूयॉर्कची गायिका लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू' त्याच रिदमवर. 2003 मध्ये अमेरिकेच्या यादीत एकाच रिदमची तीन गाणी वाजत होती! अमेरिकेला आवडावं म्हणून डान्सहॉलनं आपली रीत सोडली असती, तर हे घडलंच नसतं. अल्बममधलं गायिका साशासोबतचं 'आय'म स्टिल इन लव्ह विथ यू' तर अ‍ॅल्टन एलिसच्या, रॉकस्टेडी या जुन्या जमैकन शैलीच्या काळातल्या गाण्याचा नवा अवतार आहे. तो मागे वळून बघतो तेही घराकडेच.

अमेरिकन रॅपर बस्टा राइम्सला घेऊन केलेलं 'गिमी द लाइट'चं रिमिक्स अल्बमवर आहे, हे खरं. ते अमेरिकन रेडिओसाठीच होतं आणि मला ते कमी आवडतं. पण एका रिमिक्सवरून अख्खा अल्बम तोलणं अन्याय आहे.

राहिला रंगाचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही. शॉन पॉल किंग्स्टनच्या 'अपटाउन'चा, म्हणजे सुस्थितीतल्या वस्तीतला, आणि जमैकात उजळ कातडीला आजही वजन आहे. बाउंटी किलरसारख्या डान्सहॉल गायकांना हे दार इतकं सहज उघडलं नाही. मात्र सावळ्या, गरीब वस्तीतून आलेल्या डान्सहॉल गायक शबा रँक्सला ग्रॅमी मिळालं होतं 1992 मध्येच, 'डटी रॉक'च्या दहा वर्षं आधी. दार कुणासाठी किती उघडलं, हा प्रश्न रास्तच आहे. आत काय वाजलं, हा वेगळा.

ते कानानं तपासता येतं. 'गेट बिझी'तल्या टाळ्या ऐका आणि लगेच बाउंटी किलरचं 'सफरर' लावा. टाळ्या त्याच, रिदम तोच, आणि त्यावर गरिबाच्या हालांचं गाणं.