बर्नसाइड, दोन पूल आणि वाकडं अंगण

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि उत्तराला चार दिवस लागले, कारण निम्मी पटली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती अँब्रोज बर्नसाइड याच्यावरच्या लेखात मी त्याला ‘दुर्दैवी पण सरळ माणूस’ म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की एका लढाईत साडेबारा हजार माणसं घालवणाऱ्याचा सरळपणा काय चाटायचाय? बंदुकांचा धंदा बुडाला तर खापर मंत्र्याच्या लाचखोरीवर, लढाई हरला तर पुलाच्या होड्यांवर. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. शिवाय त्याने बनवलेली बंदूकही टाकाऊच होती, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय.

आधी धंदा, कारण तिथे चूक माझी आहे. युद्धमंत्री फ्लॉइडने लाचेपायी कंत्राट दुसरीकडे वळवलं, ही गोष्ट बर्नसाइडच्या बाजूने बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मी ती डोळ्यांदेखत घडल्यासारखी लिहिली. तसं लिहायला नको होतं. लाच बाजूला ठेवली तरी हिशेब उरतोच. १८५३ मध्ये सैन्यातली नोकरी सोडून या माणसाने ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला बंदुकांचा कारखाना काढला, आणि तो सगळा सरकार नावाच्या एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर. गिऱ्हाईक फिरलं आणि बंदुकीचं पेटंट सावकारांच्या हवाली करावं लागलं. १८५८ मध्ये काँग्रेसची निवडणूक लढवली, तीही सपाटून हरला. शेवटी जुना मित्र मॅक्लेलन याच्या ओळखीने इलिनॉय सेंट्रल रेल्वेत नोकरी धरली. यात दुर्दैव थोडं आहे, कच्चा व्यवहार जास्त.

बंदूक टाकाऊ होती हे मात्र मान्य नाही. खालची कडी ओढली की मागचा ठोकळा वर तोंड करून उघडायचा. त्यात आईस्क्रीमच्या कोनासारखं निमुळतं पितळी काडतूस टाकायचं आणि कडी मिटायची. काडतुसाच्या तोंडाशी फुगीर कडा असल्याने सांधा घट्ट बसायचा आणि जळता वायू स्वाराच्या तोंडावर येत नसे. मागून भरायच्या तेव्हाच्या बंदुकांचं ते मोठं दुखणं होतं. काडतूस कधीकधी आत अडकून बसायचं, हेही खरं. पण यादवी युद्धात उत्तरेच्या घोडदळासाठी अशा पन्नास हजारांवर कार्बाइन, म्हणजे आखूड बंदुका, बनल्या. तोवर कारखाना दुसऱ्यांचा झाला होता, नाव तेवढं बर्नसाइडचं राहिलं. (गालावरच्या कल्ल्यांना इंग्रजीत याच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून ‘साइडबर्न्स’ हे नाव पडलं. नावाच्या बाबतीत माणूस नशीबवान.)

आता फ्रेडरिक्सबर्ग, म्हणजे साडेबारा हजारांची ती लढाई. पोटोमॅक सैन्याचं, म्हणजे पूर्वेकडच्या उत्तरेच्या मुख्य सैन्याचं, नेतृत्व त्याने आधी दोनदा नाकारलं होतं. एवढं मोठं सैन्य आपल्याला पेलणार नाही, हे तो स्वतःच सांगत होता. ७ नोव्हेंबर १८६२ ला तिसऱ्यांदा हुकूम आला. आपण नाही म्हटलं तर जागा हूकर या दुसऱ्या जनरलला जाईल हे कळल्यावर त्याने होकार दिला. हूकर त्याला अजिबात आवडत नसे. लेखात मी याला ‘कर्तव्यबुद्धी’ म्हटलं होतं. तुम्ही ‘मत्सर’ म्हणता. बहुधा दोन्ही होतं.

दहा दिवसांत त्याच्या हाताखालच्या जनरल सम्नरची आघाडीची फौज रॅपहॅनॉक नदीच्या काठी पोचली. पलीकडे शत्रू मूठभर. पायी उतरून जातो, असं सम्नर म्हणत होता. बर्नसाइड नको म्हणाला. पाऊस आला, नदी फुगली, तर पलीकडे गेलेले तिथेच अडकतील. म्हणून होड्या जोडून करायच्या पुलाची वाट पाहिली. होड्या आठवडाभराने आल्या, वरातीमागून घोडं. वॉशिंग्टनचा ढिसाळपणा होताच, त्याची शिक्षा मात्र वाट पाहणाऱ्यांना झाली. तोवर दक्षिणेचा सेनापती ली समोरच्या टेकड्यांवर येऊन बसला, आणि १३ डिसेंबरला दगडी भिंतीआडच्या बंदुकांपुढे एकामागून एक ब्रिगेड कापली गेली.

तुमच्यामुळे मला इथे एक गोष्ट नव्याने दिसली. तीनच महिन्यांपूर्वी अँटिएटमच्या लढाईत हाच माणूस असाच पाण्याकाठी अडला होता. तिथे तीन कमानींचा, जेमतेम बारा फूट रुंदीचा दगडी पूल होता. पलीकडच्या चढावर जॉर्जियाचे पाचशेच्या आत सैनिक होते, आणि याच्याकडे बारा हजार. तुम्ही म्हणता, गुडघाभर ओढा होता, चालत जायचं. इतकं सोपं नव्हतं. काठ उभे होते, वरून नेम धरलेले. पण खालच्या अंगाला उतार होता आणि त्याची एक तुकडी शेवटी तिथूनच पार झाली. ती जागा हेरायला सकाळ गेली आणि पूल दुपारी एकला हाती आला. पूल दिसला की याला पाणी दिसत नसे.

राहिलं वाकडं अंगण. फ्रेडरिक्सबर्गनंतर चौथ्या दिवशी त्याने वरिष्ठांना लेखी कळवलं की अपयशाची जबाबदारी माझी. त्या युद्धात असं लिहिणारे सेनापती शोधावे लागतील, म्हणून ‘सरळ’ हा शब्द मी ठेवतोय. पण जानेवारीत चिखलात रुतलेली मोहीम गुंडाळल्यावर याच माणसाने हूकरसकट कित्येक अधिकाऱ्यांना बडतर्फ करायचा हुकूम लिहून लिंकनपुढे ठेवला. हे नाहीतर मी! लिंकनने हूकरला सेनापती केलं. म्हणजे डिसेंबरात अंगण सरळ होतं, जानेवारीत वाकडं झालं. हा भाग मी लेखात गाळला होता. तुमची चीड रास्त आहे.

तुम्ही पीटर्सबर्गच्या लढाईचा उल्लेख केला नाही. मी तुमच्या जागी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. जुलै १८६४. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगारांच्या पलटणीने ५११ फूट बोगदा खणून शत्रूच्या मोर्च्याखाली चार टन दारू ठासली. स्फोटानंतर पुढे घुसायला काळ्या सैनिकांची डिव्हिजन तयार केली होती. आदल्या दिवशी पोटोमॅक सैन्याचा तेव्हाचा प्रमुख मीड याने ती बदलायला लावली आणि उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने मान डोलावली. इथवर बर्नसाइडचा दोष नाही. पण मग उरलेल्या तीन डिव्हिजनांमधून कोणती पाठवायची, हे त्याने चिठ्ठ्या टाकून ठरवलं! चिठ्ठी निघाली जनरल लेडलीच्या डिव्हिजनची. तो लढाई चालू असताना मागे आडोशाला पीत बसला, आणि त्याची माणसं खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी खड्ड्यातच उतरली. मग काळ्या सैनिकांनाही त्याच गोंधळात ढकललं. शरण येणाऱ्यांनाही तिथे मारलं गेलं. उत्तरेच्या सुमारे ३,८०० हानीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त त्यांची होती.

एवढं होऊनही लोकांनी त्याला निवडून कसं दिलं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ऱ्होड आयलंड लहान राज्य, तिथल्या पहिल्या पलटणीचा हा कर्नल. घरोघरची पोरं त्याच्या हाताखाली गेलेली, आणि माणूस दिलदार, कुणाशीही बोलणारा. तीनदा गव्हर्नर झाला, मग १८७५ पासून १८८१ मध्ये मरेपर्यंत सेनेटर. सैन्य पेलत नसलेल्या माणसाला ते काम पेललं.

लेखात तीन बदल करतोय. लाचेचं वाक्य काढलं. ‘दुर्दैवी’ हा शब्द काढला. आणि चिठ्ठ्यांचा प्रसंग, जो मी एका ओळीत उरकला होता, तो नीट लिहून रविवारपर्यंत टाकतो.