हसून झालेलं चित्र विकत कोण घेतं?

परवाच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी माझ्या भिंतीपुढं होती. फुशारकी मारत नाहीये, रडगाणं गातोय. दोन दिवसांत माझी विकली गेलेली चित्रं : एक. तेही शेजारच्या टेबलावर टी-शर्ट विकणाऱ्या पोरानं घेतलं. मग मीही त्याचा एक टी-शर्ट घेतला. हिशेब फिट्टं फाट.

आम्ही सोलापुरातले आठ-दहा जण वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा, असलं प्रदर्शन लावतो. कुणी टॅटू काढतो, कुणी रिक्षाच्या मागं रंगवतो, एक जण गणपती मंडळांचे देखावे करतो, एक पोरगी भुताखेतांची स्टिकरं विकते आणि मी व्यंगचित्रं काढतो. यंदा साड्यांच्या दुकानावरचा रिकामा हॉल मिळाला होता. तीन पंखे, त्यातला एक फिरणारा. पोस्टरवर आमच्यातल्या एका हुशारानं मोठ्या अक्षरात 'लोब्रो आर्ट शो' छापलं. माझ्या काकांनी ते वाचून विचारलं, "लो ब्रो म्हणजे काय रे, धाकटा भाऊ का?"

काकांना सांगितलं ते इथंही सांगतो. कॅलिफोर्नियात 60च्या दशकात एड रॉथ नावाचा माणूस मोटारी सजवायचा आणि डोळे बाहेर आलेल्या घाणेरड्या उंदराची चित्रं टी-शर्टवर विकायचा. त्याच्याकडं कामाला असलेला चित्रकार रॉबर्ट विल्यम्स. गॅलरीवाले दारात उभं करत नाहीत म्हटल्यावर यानं आपल्याच चित्रांना 'लोब्रो', म्हणजे खालच्या भुवईची, म्हणून टाकलं. पुढं 1994 साली 'जक्स्टापोझ' नावाचं मासिक काढण्यात हाच पुढं होता, आणि कॉमिक, टॅटू, मोटारीवरचे रंगकाम असल्या सगळ्या अनौरस पोरांना एक घर मिळालं.

आपल्याकडं 'उच्चभ्रू' शब्द आहे, 'नीचभ्रू' नाही. भुवया वर असतात त्यांचंच नाव राहतं. आणि भुवईचं म्हणाल तर आमच्या धंद्यातली ती सगळ्यात स्वस्त रेघ. जरा वर उचलली की माणूस विद्वान, मधल्या टोकाला खाली दाबली की मामलेदार. एवढ्याशा रेघेवर जगभरच्या चित्रकलेची वाटणी झालीय, याचं मला फार हसू येतं.

खरं तर आम्हाला हे कॅलिफोर्नियातून आणायची गरजच नव्हती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तिथं 1915 साली जन्मलेले चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाची बॅनरं रंगवून पोट भरायचे. दिवाळीत 'आवाज'चा अंक घरात आला की त्यातली खिडकीचित्रं बघायला आधी मोठ्यांची झुंबड, मग चोरून आमची. वरून चावट दिसायचं, खिडकी उघडली की आत भलतंच साधं काहीतरी, आणि लाज आपल्यालाच वाटायची. गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर 'मौत का कुआँ'च्या फळ्यावर मोटारसायकल, वाघ आणि बाई एकाच चित्रात असायचे. त्या वाघाचं तोंड मी शाळेत असताना दहा वेळा तरी उतरवलंय. माझं पहिलं आर्ट स्कूल ते.

दुसरं आमच्या घरात होतं. वडील चादरीचे डिझायनर. म्हणजे ग्राफ कागदावर चौकटी भरायचं काम. एकेक चौकट म्हणजे कापडातली एकेक जागा, दोरा वर की खाली एवढंच ती सांगते. तो ग्राफ बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायचे, मग मागावर मोर उतरायचा. मोराची मान गोल, पण ग्राफवर गोल काही नसतंच, सगळ्या पायऱ्या. दोन चौकटी आडव्या, एक उभी, परत दोन आडव्या. वडील पेन्सिल कानावर ठेवून लांबून डोळे बारीक करून बघायचे, एक चौकट खोडायचे, आणि मोर एकदम रुबाबात यायचा. नाक कुठं मोडलं की माणूस ओळखू येतो, हे मी त्या एका चौकटीवरून शिकलो. त्यांच्या चादरी कुणाकुणाच्या अंगावर गेल्या कुणास ठाऊक. सही एकीवरही नाही.

असो. मुद्दा विक्रीचा.

माझ्या शेजारी एका मित्रानं बंद पडलेल्या यंत्रमागाचं मोठं चित्र लावलं होतं. काळं, तांबडं, मधेच काहीतरी जळाल्यासारखं. एक डॉक्टर आले, आधी माझ्याकडं. पोट धरून हसले. बायकोला बोलावलं, तिला दाखवलं, परत हसले. मोबाईलवर फोटो काढला, तिथल्या तिथं कुठल्याशा ग्रुपवर टाकला. मग पलीकडं सरकले, पाच मिनिटं गप्प उभे राहिले आणि तो यंत्रमाग बारा हजारांना घेतला. मला राहवलं नाही. म्हटलं, डॉक्टर, हसलात तर माझ्याकडं. ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "तुमचं समजलं की हो. ते समजलं नाही. घरी लावून बघत बसता येईल."

दोन रात्री झोप आली नाही मला या वाक्यानं. सगळा धंदाच त्यात आला. चित्र जितकं नेमकं बसलं, तितकं ते तिथंच संपतं. हसून झालं, फोटो निघाला, आता भिंतीला खिळा कशाला ठोका?

पण सगळा दोष डॉक्टरांवर ढकलून मोकळं होता येत नाही. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी 'हसरी गॅलरी' म्हणून आपली चित्रं भिंतीवर लावून दाखवली, ती लोक परत परत बघतात. कारण त्यांत शब्द नाहीत, आणि पुढारीही नाहीत. माझ्या निम्म्या चित्रांत त्या आठवड्याची बातमी असते. बातमी शिळी झाली की चित्र आंबतं. टी-शर्टवाल्या पोरानं घेतलेलं चित्र कुठलं, तर बिनशब्दांचं. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलंय, दारात बाई नळाला कुंकू लावून ओवाळतेय, मागं घागरी, बादल्या, निळा बॅरल वऱ्हाडासारखे नटून उभे. ते काही शिळं होत नाही. उजनी धरण जिल्ह्यात असूनही होत नाही, हे आपलं भाग्य म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते. मध्यंतरी एका मोठ्या कार्यक्रमाच्या संयोजकांनी मला न विचारता पत्रिकेवर छापलं, 'येणाऱ्या प्रत्येकास मोफत अर्कचित्र'. मला पत्रिका व्हॉट्सॲपवर कळली. फोन केला तर म्हणाले, "अहो तुमचंच नाव होतंय की." गेलो, कारण भिडेखातर जायची सवय लागलीय. त्या दिवशी 63 चेहरे काढले. 40च्या पुढं अंगठा सुन्न झाला, 50च्या पुढं सगळी माणसं मला एकाच घरातली दिसायला लागली. "नाक जरा लहान करा ना," "हनुवटी एकच ठेवा," "पोराला हसरा काढा" (पोरगं भोकाड पसरलेलं). एका पोरानं मोबाईल पुढं धरला, ॲपनं सेकंदात केलेलं त्याचं कार्टून दाखवलं आणि म्हणाला, "हे बी फुकटच हाय की काका." खरंय. फुकटाशी फुकटच स्पर्धा करणार.

शेवटी माझा सत्कार. चादर दिली. सोलापुरात, चादरीच्या डिझायनरच्या पोराला, मानधन म्हणून चादर! घरात अशा 11 झाल्यात. थंडी आहे कुठं इथं?

याउलट गड्डा. दोन वर्षं मी होम मैदानावर खुर्ची टाकून बसलो, चेहऱ्याला शंभर रुपये. शेजारी बांगड्या, पलीकडं भज्यांचा तळणाचा वास, मधूनच पाळण्यातून किंचाळ्या. बाराबंदी घातलेले, जत्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वजवाले येता-जाता डोकावायचे. एक तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी सुनेला घेऊन आली. म्हणाली, "शंभर लई होतंय, साठ घे." ऐंशीला तुटलं. मग हुकूम, "गोरी काढ हं." मी काळ्या शाईनं काढणारा. गोरं करायचं म्हणजे काहीच करायचं नाही, कागद सोडून द्यायचा. तसाच सोडला. आजीनं कागद लांब धरून बघितला, सुनेकडं बघितलं, परत कागदाकडं, आणि म्हणाली, "बोम्मा मंचिगुंदि." चित्र बरं आहे. मग कनवटीची पुरचुंडी सोडून ऐंशी रुपये मोजून दिले, त्यात दहाची नाणी होती.

घासाघीस करणारं गिऱ्हाईक मला आवडतं. त्याच्या लेखी माझी वस्तू किमतीची असते, भांडण फक्त किती किमतीची एवढ्यावर. "तुमचं नाव होईल" म्हणणारा माणूस आकड्यापर्यंत येतच नाही. उच्चभ्रू असो की नीचभ्रू, या बाबतीत भुवया सगळ्यांच्या सारख्याच वर जातात. आमच्यातलेही काही कमी नाहीत. "अरे तू तर पाच मिनिटांत काढतोस" हे मला टॅटूवाल्या मित्रानंच ऐकवलंय. तो स्वतः मिनिटावर पैसे घेतो.

तर ठरवलंय. इथून पुढं फुकट अर्कचित्र बंद. शाळेसाठी नाही, मंडळासाठी नाही, साहेबांच्या वाढदिवसाला तर नाहीच. मला न विचारता पत्रिकेवर नाव छापलं तर मी येईन, खुर्चीवर बसेन आणि फक्त संयोजकांचं चित्र काढेन, मोठ्या कागदावर, नाकासकट. प्रदर्शनात माझ्या भिंतीचा फोटो काढायला आडकाठी नाही, पण खाली एक डबा ठेवणार आहे. हसलात तर दहा रुपये टाका. हसू आलं नाही तर नका टाकू, पण मग फोटोही नको.

जानेवारीत गड्ड्यात परत बसतोय, जागेचं बोलून ठेवलंय. चेहऱ्याला दीडशे. मिशीचे वेगळे नाहीत. टक्कल असेल तर दहा रुपये कमी, शाई वाचते.