पन्नाशीनंतरचा ‘स्वतःचा शोध’ आणि आमचे बाबा

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. एका जवळच्या मैत्रिणीने मेसेज पाठवला, कोकणातल्या रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर, ‘पन्नाशीनंतर स्वतःचा शोध’, फी साडेचौदा हजार. खाली तिची ओळ, “चल गं, आता तरी स्वतःसाठी जगूया.”

मला सांगा, जगण्याला अर्थ असा डोळे मिटून बसलं की सापडतो का? मुलं बाहेरगावी गेली, घर रिकामं झालं, ऑफिसात कालची पोरं साहेब झाली, आता सकाळी उठायचं कशासाठी हा प्रश्न मलाही पडतो, ५२ची आहे मी, रात्री दोनला जाग येते ती त्यानेच. पण उत्तर रिसॉर्टवर नाही एवढं नक्की, कारण मी आमच्या बाबांना बघितलंय.

बाबा एसटीत कंडक्टर, सातारा डेपो. ५८व्या वर्षी रिटायर झाले. शाल, श्रीफळ, फोटो, आणि जो तो एकच सांगत होता, “आता आराम करा.” त्या आरामाने माणूस पार खचला. पहाटे चारला उठायची सवय, उठून करणार काय? आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात, गॅस मोठा का ठेवलास, एवढं मीठ कशाला. संध्याकाळी स्टँडवर जाऊन नुसते उभे राहायचे, गाड्या बघत. मला ते बघवायचं नाही.

मग एकदा आईचे डोळे दाखवायला सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत बामणोलीकडचं एक म्हातारं जोडपं, हातात केसपेपर, रक्त कुठे तपासायचं कळेना, ज्याला विचारावं तो पुढे बोट दाखवतोय. बाबांनी कागद वाचला, त्यांना बरोबर खिडकीपर्यंत नेलं आणि घड्याळ बघून म्हणाले, रिपोर्टची वाट बघत बसाल तर गाडी जाईल तुमची, आधी डॉक्टरांना भेटून घ्या, रिपोर्टचं मी बघतो. झालं. दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलेलं नसताना परत गेले. आज ७६ वय आहे, अजून जातात.

माणूस कुठल्या गावचा एवढं कळलं की पुरे, गाडी कुठली, कुठे बदलायची, शेवटची कधी, सगळं तोंडपाठ. शेवटची गाडी चुकली की पेशंटला रात्र स्टँडवर काढावी लागते हे त्या डॉक्टरांना कुठून कळणार? संध्याकाळी स्टँडवर अजूनही जातात, पण आता कंट्रोलरला विचारायला, उद्या कुठली फेरी रद्द आहे. आईच्या गॅसकडे बघायला वेळ कुणाला आहे!

आणि नातेवाईक, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. “या वयात शोभतं का?” “लोकांना वाटेल घरात कोणी विचारत नाही.” अरे, महर्षी कर्व्यांनी १९१६ला महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, बाबांना शाल दिली तेच वय! ७८व्या वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढली. कर्व्यांची गोष्ट वेगळी म्हणाल, तर मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आज्या घ्या. २०१६च्या महिला दिनाला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसल्या. अंगठ्याच्या जागी सही करायची होती, पोथी स्वतः वाचायची होती. त्यांना कोणी म्हणावं, आराम करा!

हां, दवाखान्यात इन्फेक्शनची भीती खरी आहे, बाबा मास्क लावतात. आणि जिने तीस वर्षं डबे भरले, सासरची दुखणी काढली, तिला परत “कोणाच्या तरी उपयोगी पड” म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिने जावं समुद्राकाठी, हक्काने लोळावं, कोणाला चहासुद्धा करून देऊ नये. माझी मैत्रीणही त्यातलीच आहे, खूप सोसलंय तिने, सकाळचा राग आता लिहितालिहिता थोडा उतरलाय. पण तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर काय गं? तेच रिकामं घर, तोच टीव्ही. बाबांनी स्वतःचा शोधबिध काही घेतला नाही, ज्याला गरज होती तो समोर आला आणि जे येत होतं ते त्याला दिलं. इतकी वर्षं तिकिटं फाडून डोक्यात जमलेलं सगळं तिथे लागलं. तुमच्याही डोक्यात असं काहीतरी आहेच की, बँकेतलं, शाळेतलं, शिवणातलं, शेतातलं.

मी आता जमेल त्या शनिवारी बाबांबरोबर जाते. सोमवारी गर्दी जास्त असते पण मला ऑफिस असतं आणि ते एकटे पडतात. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी कोणी रेशनकार्ड आणतं तर आधार घरी राहतं, मग परत गावाला हेलपाटा, भाडं, बुडालेली मजुरी. हे आधीच फोनवर नीट समजावून सांगणारं कोणीतरी हवंय. साताऱ्यात आहात आणि सोमवारची सकाळ मोकळी आहे, तर इनबॉक्स करा, बाबांचा नंबर देते. सकाळी आठच्या आत फोन करा, नंतर ते रांगेत असतात आणि उचलत नाहीत.