जुनं मँडोलिन म्हणजे लाखाचं, असं कोण सांगितलं ओ?

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवलाय, बेळगावातून, निपाणीतून, खानापूरहून, चंदगडच्या पाहुण्यांनी सुद्धा. "घरात जुनं मँडोलिन पडलंय? थांबा, ते लाखाचं असू शकतं" असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. जितकं जुनं तितकं महाग. आत लेबल असलं की ओरिजिनल. इंटरनेटवर दिसतो तोच बाजारभाव. चिरा आणि वाक म्हणजे लाकूड मुरल्याची खूण, आवाज उलट सुधारतो. आणि शेवटी, विकायच्या आधी पॉलिश मारून तारा आवळायच्या नवीन चाव्या बसवा, भाव डबल.

मी वीस वर्षं मँडोलिन वाजवतोय आणि ओळखीत कुणाला जुनं वाद्य घ्यायचं असलं की बघायला मला नेतात. या पाचातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही. घेणारा यात फसतोच, पण विकणाऱ्याचं नुकसान जास्त होतंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं वयाचं बघू. अमेरिकेतल्या कॅलमझूच्या गिब्सन कंपनीनं १९२२ ते १९२४ या काळात एफ-५ नावाचं मॉडेल काढलं, त्यातल्या ज्यांच्या लेबलवर कंपनीचा ध्वनी-तज्ज्ञ लॉइड लोअर याची सही आहे त्यांना आज लाखभर डॉलरच्या वर भाव आहे. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातला बिल मन्रो पुढं आयुष्यभर जे वाजवत होता ते यातलंच, त्यावर ९ जुलै १९२३ ही तारीख आहे आणि त्यानं ते मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानातून १५० डॉलरला घेतलं होतं. आता त्याच कंपनीचं, त्याच कारखान्यातलं, त्याच १९२३ सालचं साधं ए मॉडेल घ्या, ते चांगलं वाद्य आहे पण त्याच्या कितीतरी पट कमी भावात मिळतंय. वय सारखंच आहे की. फरक पडला तो मॉडेलचा, बनवणाऱ्याचा आणि तशी किती बनली याचा.

आपल्याकडे घराघरातून निघतात ती बहुतेक गोल पाठीची, पट्ट्या जोडून केलेली. १८९० च्या आसपासपासून पहिल्या महायुद्धापर्यंत युरोप-अमेरिकेत मँडोलिनचं एवढं वेड होतं की ही हजारोंनी बनली, कॅटलॉग बघून पोस्टानं मागवायचे लोक. त्यामुळे शंभर वर्षं जुनं आहे एवढ्यानं ते दुर्मिळ होत नाही. नेपल्सचे विनाचा, कलाचे, रोमचा एम्बर्गर, असल्या नावाजलेल्या कारागिरांचं निघालं तर गोष्ट वेगळी, पण ते तुमच्या माळ्यावर असायची शक्यता फार कमी.

लेबलचं तर असं आहे की पुष्कळ जुन्या वाद्यांवर दुकानदाराचं लेबल असतंय, कारागिराचं नाही. शिवाय इटालियन लेबलांवर कुठल्या प्रदर्शनात कधी मेडल मिळालं त्याची सालं छापलेली असतात, लोक तेच वाद्याचं साल समजून बसतात. गिब्सनच्या बाबतीत लेबलवरचा सिरियल नंबर आणि आत मानेच्या ठोकळ्यावर उमटवलेला नंबर असे दोन्ही बघायचे, मोबाईलचा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा पुरतो. आणि डोक्यावरचं नाव नीट वाचा, गिवसन हा कलकत्त्याचा आपला भारतीय ब्रँड आहे, गिब्सन नव्हे, घाईत वाचलं की गल्लत होते.

आता चिरा आणि वाक, इथं मेसेजनं सगळ्यात जास्त घोळ घातलाय कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. मागच्या उन्हाळ्यात कॅम्पात एका आंटींच्या घरी गेलो होतो, माझ्या एका विद्यार्थ्याला घ्यायचं होतं. आंटींचे मिस्टर लग्नात वाजवायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली, वाद्य कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेलं. मेसेज त्यांच्या मुलानं वाचलेला, सांगितले ऐंशी हजार. वरच्या फळीला घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) खालपर्यंत सरळ रेषेत चीर होती आणि विद्यार्थी तेवढी चीर बघूनच नको म्हणाला. मी म्हटलं थांब जरा. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं गेलेली चीर, दोन्ही कडा एका पातळीत असतील तर सरसानं चिकटवून आतून लाकडाचे छोटे तुकडे लावले की झालं, फार खर्चाचं काम नाही. घोडीच्या मागं फळी वाकलेली दिसत होती, तीही त्याला मोडल्यासारखी वाटली, पण गोल पाठीच्या मँडोलिनची फळी तिथं मुद्दामच वाकवलेली असते. घोडीच्या पुढं, भोकाकडं ती खाली बसली असेल तर मात्र काळजी करायची.

खरी भानगड मानेत होती. तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या) एकदम दाबून धरली, म्हणजे तारच सरळ पट्टीचं काम करते, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघितलं तर खाली चांगलीच फट. किंचित असती तर चाललं असतं. मग बाराव्या फ्रेटवर तारेखाली एक रुपयाचं नाणं सरकवलं, ते जाड असतंय साधारण दीड मिलिमीटर. चांगल्या वाद्यात एक नाणं जेमतेम बसतं. इथं तीन नाणी एकावर एक ठेवून गेली आणि वर जागा उरली. एवढ्या उंच तारा दाबून मुलगा पंधरा मिनिटं रियाज करू शकणार नाही आणि दाबताना सूरही चढणार. या जुन्या वाद्यांच्या मानेत सरळ करायला लोखंडी सळी नसते (गिब्सननं सुद्धा ती १९२० नंतरच घालायला सुरुवात केली), त्यामुळे पाना फिरवून काम होत नाही, मान सोडवून परत बसवायला लागते किंवा फ्रेट जिच्यावर बसवलेत ती पट्टी काढून घासायला लागते. हे काम करणारा माणूस बेळगावात मला तरी भेटलेला नाही, गोव्याला नाहीतर पुण्याला पाठवायला लागतंय.

मान का वाकली, तर कुणीतरी हल्लीच्या जाड तारा चढवल्या होत्या. आठ तारांचा मिळून ताण शंभर पौंडांच्या वर जातो आणि ही वाद्यं हलक्या तारांसाठी बनलेली. याला लाकूड मुरणं म्हणत नाहीत, याला वाद्य मोडत जाणं म्हणतात.

मग आम्ही तिथंच बसून कागदावर हिशोब मांडला, आंटींच्या समोर, लपवून काही नाही. असलंच, नाव नसलेलं पण वाजणारं वाद्य आपल्या भागात पंचवीस हजारापर्यंत जाईल असा माझा अंदाज. त्यातून मानेचं काम आणि फ्रेट घासणं दहा हजार, चीर दोन हजार, तारा आणि जाण्यायेण्याचा खर्च दोन हजार. उरले अकरा. आम्ही बारा दिले. मुलगा नाराज झाला, आंटी नाही, कारण त्याआधी एक भंगारवाला दोन हजारात मागून गेला होता. दोन हजार पण चूक आणि ऐंशी हजार पण चूक. योग्य भाव काढायचा असला तर वाजणाऱ्या वाद्याची किंमत धरा आणि त्यातून वाजवण्यालायक करायचा खर्च वजा करा, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

इंटरनेटचा भाव म्हणजे मागितलेला भाव. मागायला काय, कोण पण काही मागेल. जाहिरात वर्षभर तशीच लटकलेली असेल तर त्या भावात कुणी घेतलं नाही एवढाच त्याचा अर्थ. विकून झालेल्या वस्तूंचे भाव वेगळे दाखवतात त्या साईटवर बघा, आणि तिथलं वाद्य दुरुस्त करून, तारा लावून, गॅरंटी देऊन विकलेलं असतंय हे विसरू नका. बाहेरून मागवायचं तर कस्टम आणि कुरियर वेगळं.

पॉलिशवाल्या मुद्द्यानं मला खरंच वाईट वाटलं. चांगल्या मेकरच्या वाद्याचं मूळ पॉलिश खरवडलं की जाणकार गिऱ्हाईक निम्म्यापर्यंत भाव उतरवतो. सुताराकडं दिलं तर तो पांढरा गोंद भरणार, आणि जुना सरस ऊब-ओलाव्यानं सुटतो तसा हा नीट सुटत नाही, पुढच्या कारागिराचे हाल. चाव्यांचं पण तेच, चाव्यांच्या जुन्या पट्टीवरचं अंतर हल्लीच्या चाव्यांना जुळेलच असं नाही, मग नवीन भोकं पाडतात आणि मूळच्या चाव्या फेकून देतात. जाम झाल्या असतील तर थेंबभर तेल टाकून बघा आधी.

आणखी एक, मेसेजमध्ये हे नाहीच. कशासाठी घेताय? कर्नाटकात मँडोलिन म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यासमोर मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे यू. श्रीनिवास येतात, आणि त्यांचं वाद्य इलेक्ट्रिक होतं, पाच एकेरी तारांचं. त्यांच्यासारखी गमकं, म्हणजे सूर हलवून-ओढून घेणं, शिकायची असतील तर जोडीच्या तारांचं गोल पाठीचं मँडोलिन फुकट मिळालं तरी उपयोगाचं नाही. जुन्या हिंदी गाण्यांतलं थरथरणारं मँडोलिन पाहिजे असेल तर मात्र जोडीच्याच तारा पाहिजेत.

ज्यांच्या घरात असं वाद्य आहे आणि "थांबा" वाचून जे थांबलेत त्यांनी पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं करा. जांबोटी-कणकुंबीसारख्या फार पावसाच्या भागातले असाल तर आजच. सगळ्या तारा दोन-दोन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका, नाहीतर घोडी पडते आणि तिची जागा हरवते. भिंतीला टेकलेल्या कपाटातून बाहेर काढा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापडात ठेवा. ओलीनं सरस सुटला की पाठीच्या पट्ट्या एकेक उघडायला लागतात, आणि तसं झालं तर माझ्या हिशोबातले अकरा हजार पण उरत नाहीत.