अंगणात वर्कशॉप काढणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

निवृत्त झालात, अभिनंदन. नागपुरात ऑर्डनन्स फॅक्टरीत, रेल्वेत नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत सारा जन्म दुसऱ्याच्या मशीनवर काढला, आता घरामागच्या बारा बाय पंधराच्या जागेत स्वतःचं वर्कशॉप काढायचं तुम्ही मनावर घेतलंय. भिंतीला लागून बाक, बाकाला शिकंजा, वर रांगेनं रंधे, पटाश्या, कानशी, आणि कोपऱ्यात सेकंडहँड लेथ. लकडगंजातून सागाचे तुकडे आणायचे आणि येत्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, नातवाला मिरवायला घरचा लाकडी नंदी करून द्यायचा. बेत झकास आहे. तुमच्यात दोष एकच. हे सगळं तुम्ही परवानगी घेऊन करणार म्हणता.

हा विचार पक्का करण्याआधी संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारून या. कोपऱ्यावरच्या भाऊंनी गच्चीवर उन्हासाठी म्हणून टिनाचं शेड टाकलं. शेडला पावसासाठी भिंती आल्या, भिंतींना हवेसाठी खिडक्या आल्या, आणि आता तिथं दोन विद्यार्थी भाड्यानं राहतात. समोरच्यांच्या जिन्याची खालची पायरी रस्त्यात आहे. नवीन माणसाला पत्ता सांगायला तिचा उपयोग होतो. पलीकडे दोन घरांमधलं सामासिक अंतर, म्हणजे नियमानं मोकळी सोडायची जागा, इतकं आहे की मांजर जाताना आधी विचार करते. यातल्या कोणाला नोटीस आली? कशी येणार? नोटिशीवर नाव लागतं, पत्ता लागतो, आणि हे दोन्ही सापडतात अर्जावर. ज्यानं अर्जच केला नाही त्याची फाईल नाही, ज्याची फाईल नाही त्यात त्रुटी नाही. तुम्ही अर्ज द्याल त्या दिवशी कार्यालयाला प्रथमच कळेल की या गल्लीत एक घर आहे, आणि त्या घरात काहीतरी गडबड असणार.

तरीही तुमचा आग्रह असेल तर आधी कायदा वाचा. मन प्रसन्न होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. तिच्यात लहान प्लॉटवाल्यांवर विशेष माया आहे: १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीसाठी ताटकळायचं नाही, वास्तुविशारदाच्या दाखल्यासह नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं, कामाला लागायचं. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी. त्याहून जुना, १९६६ चा नगररचना कायदा तर आणखी उदार. त्याचं कलम ४५ म्हणतं, साठ दिवसांत प्राधिकरणानं काहीच कळवलं नाही तर परवानगी दिली असं समजावं. हे कलम मोठ्या अक्षरात छापून घरी लावा. कार्यालयात मात्र नेऊ नका, तिथं ते सगळ्यांना पाठ आहे.

खुबी अशी की हे साठ दिवस किंवा ते दहा दिवस मोजायचे ते परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण कधी होतो, हा मात्र कायद्याचा प्रश्न नाही, अध्यात्माचा आहे. चाळिसाव्या दिवशी त्रुटी निघते: नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही. बाण काढून दिला की दिवस पुन्हा एकपासून. मग कळतं, शेजारच्या प्लॉटचा क्रमांक लिहायचा राहिला. तो लिहिला की मालमत्ता कराची पावती मागच्या वर्षाची निघते, कारण फाईल आत असताना बाहेर वर्ष बदललेलं असतं. या त्रुटी एकदम का सांगत नाहीत, असा उद्धट प्रश्न विचारू नये. एकदम सांगितल्या तर त्या तुम्ही एकदम दुरुस्त कराल.

नागपूरकरांना याआधी एक पूर्वपरीक्षा द्यावी लागते. तुमचा प्लॉट नक्की कोणाच्या पदरात आहे? इथं महानगरपालिका आहे, आणि १९३६ च्या कायद्यानं जन्माला आलेला, लेआउट आणि प्लॉट बघणारा सुधार प्रन्यासही आहे. त्याला बरखास्त करायचं सरकारनं एकदा ठरवलं होतं, मग विचार बदलला. त्यामुळे कुठल्या साली कुठल्या खिडकीवर उभं राहायचं यावर गल्लीतल्या जुन्या मंडळींत दोन तट आहेत. तुमचं लेआउट मंजूर आहे, नझूलचं म्हणजे सरकारी जमिनीवरचं आहे, की शेत तुकड्या-तुकड्यांनी विकून झालेलं गुंठेवारीचं? ५७२ की १९०० (नियमित करायच्या लेआउटच्या या दोन याद्या) हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला लॉटरीचा वाटेल. इथं त्यावर सोयरिकी अडतात. आखीव पत्रिका, म्हणजे प्लॉटच्या मालकीचा सरकारी उतारा, असेल तर ती ताजी हवी. आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र असेल तर ते नुसतं असून चालत नाही, सापडावंही लागतं. सासऱ्यांनी ते जपून ठेवलं असं सासूबाई सांगतात. कुठं, ते सासरे सांगायचे.

आता नकाशावर त्या खोलीला नाव काय द्यायचं? ‘वर्कशॉप’ चुकूनही लिहू नका. त्या चार अक्षरांबरोबर टेबलामागच्या माणसाला भट्टी, चिमणी, दोनशे कामगार आणि एक युनियन दिसू लागते. मग हा व्यवसाय आहे का, अग्निशमनाचं ना-हरकत कुठं, शेजाऱ्यांची संमती कुठं, हे सुरू होतं. तुम्ही म्हणाल, एकच नंदी करायचाय हो. लिहून द्या, म्हणतील. वार्षिक उत्पादन, नंदी, एक नग. ‘स्टोअर’ लिहिलं तर काय साठवणार हे विचारतात. ‘अभ्यासिका’ लिहिलं तर तुमच्या वयाकडे बघतात. त्यातल्या त्यात ‘देवघर’ बरं. त्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही, आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा आपण करतोच, म्हणजे खोटंही ठरत नाही. देवघराला थ्री फेज कनेक्शन का लागतं, हे महावितरणचा माणूस लोड वाढवायला आला की त्याचं त्याला उमजेल.

आवाजाची काळजी मात्र घ्या. २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे. शेजाऱ्यांचा लोखंडी कूलर मार्च ते जून ही मर्यादा रोज ओलांडत असेल, पण तो हवा देतो. तुमचा लेथ काय देणार?

कार्यालयात जाताना वेळ निवडावी. सकाळी लवकर गेलात तर साहेब यायचे असतात, उशिरा गेलात तर नुकतेच साइटवर गेलेले असतात. बाबू मात्र जागेवर असतो आणि तो फार गोड बोलतो, हे कबूल केलंच पाहिजे.

“होऊन राहिली ना जी तुमची फाईल. काहून एवढी घाई करता?”

“साहेबांची सही फक्त राहिली म्हणाला होतात मागं.”

“सही तर झाली असती भाऊ, पण शेरा राहिला. शेऱ्याशिवाय सही कशी करतील साहेब?”

या संवादात ‘शेरा कोण लिहितो’ असं विचारायची इच्छा होते. आवरा. शेरा त्यालाच लिहायचा असतो. ऑनलाइन यंत्रणेत स्थिती बघायची सोयही आहे. घरबसल्या ‘प्रक्रियेत’ हा शब्द वाचता येतो. पूर्वी त्यासाठी रिक्षा करून जावं लागायचं. तंत्रज्ञानाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फारच चरफड झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर येतंही. ‘आपले प्रकरण प्रक्रियेत आहे.’

हंगामही बघून घ्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की फायलीसुद्धा सावली धरतात. मग पाऊस. मग महालक्ष्म्या, गणपती, दिवाळी. नोव्हेंबरात जरा हालचाल दिसते, तोवर डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन जवळ येतं, आणि ते संपेपर्यंत या शहरात कुठल्याही टेबलावर कुठल्याही कामाला एकच उत्तर असतं: “अधिवेशन होऊन जाऊ द्या.” विदर्भाचे प्रश्न सुटावेत म्हणून मुंबईचं सरकार इथं येतं, आल्यामुळे तुमचा प्रश्न थांबला तर तेवढा त्याग करावा. मार्च हिशेबाचा. राहिला फेब्रुवारी, त्यात नेमकी साहेबांची बदली होते.

मधल्या काळात तान्हा पोळा येईल आणि नातू बाजारातला नंदी घेऊन मिरवेल. वाईट वाटून घेऊ नका. त्याच दिवशी मारबतीची, गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक असते, तिथं जा. ‘घेऊन जा गे मारबत’ असं पोटातून ओरडा आणि तिच्याबरोबर कोणाकोणाला पाठवायचं ते मनात म्हणा. डेसिबलचं कोणी बघत नाही.

एक गोष्ट मात्र थट्टेत नाही सांगत. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला की दोन वर्षांत भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडते. लेथसारखं जड मशीन ठेवायचं तर मुरूम लागेपर्यंत खणा आणि चांगल्या इंजिनिअरला दाखवा. हे तुम्हाला तुमचा मिस्त्री सांगेल. त्रुटींच्या लांबलचक यादीत मातीचं नाव शोधायला जाऊ नका. उत्तरेचा बाण असला की घर खचत नाही, असा तिथं समज असावा.

एव्हाना कोपऱ्यावरचे भाऊ तुम्हाला भेटतील आणि हसून म्हणतील, “बांधून टाका ना बापू, मग नियमित होते.” त्यांना मूर्ख समजू नका, त्यांचा कायद्याचा अभ्यास तुमच्याहून पक्का आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटना अभय होतं. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. २०१७ मध्ये अनधिकृत बांधकामं दंड भरून पदरात घ्यायची योजना आली, ती ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना. म्हणजे आधी बांधणाऱ्याला सरकार मागे वळून तारीख शोधून देतं. आधी विचारणाऱ्यासाठी अशी कुठलीही योजना आजवर निघालेली नाही, आणि निघावी कशी? त्यानं गुन्हाच केलेला नाही, तर माफ काय करायचं? भाऊंना दंड लागेल, तो ते तीन महिन्यांच्या भाड्यात भरतील. तुम्ही तेवढेच पैसे झेरॉक्स आणि चहात घातलेले असतील.

तुम्ही मात्र ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यासारख्यांना परवानगी शेवटी मिळतेही. एक दिवस फोन येतो, शिक्क्याचा कागद हातात पडतो, तुम्ही संत्रा बर्फी घेऊन मिस्त्रीकडे जाता. तो बर्फी खातो आणि म्हणतो, जूनचा दुसरा आठवडा आहे, पावसाळाभर रेतीघाट बंद, कन्हानची रेती आता दसऱ्यापर्यंत विसरा. दसऱ्याला त्याच्या हातात दुसरी साइट असते. दिवाळीला पोरं गावी जातात, त्यातली निम्मी परत येत नाहीत. लोखंडाचा भाव तुम्ही अंदाजपत्रक केलं तेव्हाचा राहिलेला नसतो.

आणि मग कागद पुन्हा एकदा नीट वाचा. परवानगी एक वर्षाची असते. मुदतवाढ मिळते, दरवर्षी एक याप्रमाणे तीनदा, त्यासाठी अर्ज करावा लागतो. सोबत मूळ परवानगीची प्रत, शुल्काची पावती आणि काम वेळेत का सुरू झालं नाही याचा खुलासा जोडायचा. खुलाशात कार्यालयाचं नाव घेऊ नका, रेतीवर ढकला. खिडकी तीच आहे. बाबू बदललाय, त्याला नंदीपासून सगळं सांगा.