‘५३० म्हणजे पासवर्डच चुकला’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. ऑफिसच्या फायरवॉलमागून एफटीपीचं (फाइली चढवायच्या-उतरवायच्या जुन्या पद्धतीचं) लॉगिन का अडतं, यावरच्या माझ्या लेखाखाली, ५३० या ‘लॉगिन झालं नाही’ सांगणाऱ्या सर्व्हरच्या उत्तराबद्दल, तुम्ही लिहिलंत, “५३० आला म्हणजे पासवर्ड चुकला, विषय संपला. अर्धवट माहितीवर लोकांना शिकवायला निघू नये.”

पोर्टची, म्हणजे जोडणीच्या दाराच्या नंबराची, चूक दाखवलीत ती मान्य. डेटाचा पोर्ट २० हा ॲक्टिव्ह मोडमधला, जिथे डेटाची जोडणी सर्व्हर उघडतो. पॅसिव्हमध्ये ती आपण उघडायची, त्यासाठी सर्व्हर २२७ च्या ओळीत सहा आकडे देतो, शेवटच्या दोनांवरून पोर्ट काढायचा. १९५ आणि ८० आले तर १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. मी घाईत सरसकट २० लिहून मोकळा झालो. आभार.

पण ‘अर्धवट’? २००८ साली भोसरीत एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी सिस्टिम सांभाळायचो. रोज संध्याकाळी परदेशी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर ड्रॉइंग चढवायची. एका सोमवारी ५३०. त्यांनी तीनदा पासवर्ड बदलून दिला. मी तो आधी नोटपॅडमध्ये टाकून, शेवटी स्पेस तर चिकटली नाही ना हे बघून मग पेस्ट करत होतो. तरी ५३०. मालकांचा भाचा पाठीशी उभा राहून “नीट टाइप करा ना” म्हणत होता. तुमचा सूर वाचून त्याचीच आठवण झाली, राग मानू नका. किंवा माना.

रात्री घरून तोच पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला.

दुसऱ्या दिवशी लॉग वरपासून वाचला. २२० ची ओळ, म्हणजे जोडणी झाल्यावरचं पहिलं ‘या, बसा’, त्यात गिऱ्हाइकाचं नावच नव्हतं. आमच्याच एफटीपी प्रॉक्सीचं, म्हणजे मध्ये बसून जोडणी पुढे देणाऱ्या सर्व्हरचं, होतं! शनिवार-रविवारी फायरवॉल बदलला गेला होता आणि मला कोणी सांगायची तसदी घेतली नव्हती. प्रॉक्सी ते युजरनेम स्वतःच्या यादीत शोधायचा, सापडायचं नाही, की ५३०. युजरनेमनंतर ॲटचं चिन्ह आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरचा पत्ता जोडला, लॉगिन झालं. पासवर्ड घरून चाललेला तोच, अक्षरानेही बदलला नव्हता.

म्हणजे ५३० खरा होता, फक्त तो देणारा वेगळाच होता. लेखात हेच लिहिलंय, चौथ्या परिच्छेदात. तिथवर पोचला असतात तर ‘विषय संपला’ लिहायची वेळ आली नसती.

तुमचे राहिलेले मुद्दे थोडक्यात. “एफटीपी आता वापरतं कोण, एसएफटीपी घ्या.” घ्या की! ही सुरक्षित पद्धत समोरचा देत असेल आणि तुमच्या ऑफिसातून २२ नंबरचा पोर्ट बाहेर जाऊ देत असतील तर. “आयटीला विचारायचं.” साहेब, आयटी मीच होतो.

पोर्टचा आकडा आज दुरुस्त केलाय, २२० चा परिच्छेद तसाच आहे. तुमच्याकडे ५३० येत असेल तर त्याच्या वरची २२० ची ओळ इथे चिकटवा, बघू कोण बोलतंय ते. युजरनेम तेवढं झाकून.